दाराजवळचं बाक

काठी फरशीवर पडली आणि सगळं चर्च वळून बघू लागलं. काठी इनोसीमामांची होती. झोपले होते तेही इनोसीमामाच.

मधल्या खांबाला टेकून, उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागला होता. हनुवटी पार टायवर आली होती. "घ्या! राखणदारच घोरतोय!" म्हातारा आपिसाई कुजबुजला. आपिसाईची कुजबूज समुद्रावरच्या होड्यांनाही ऐकू जायची.

फिजीच्या बऱ्याच गावांत उपासनेला असा एक काठीवाला असतो. कुणी डुलकी घेतली की तो लांब बांबूचं टोक खांद्याला लावतो, माणूस दचकून जागा होतो, संपलं. पण मामांनी अकरा वर्षांपूर्वी त्यात स्वतःचा नियम घातला होता. झोपला तो दाराबाहेर. आणि दाराबाहेरच्याला शेवटचा आशीर्वाद नाही. ज्याला बाहेर काढलं त्याच्याकडे मामांनी कधी वळून पाहिलं नाही. काठीवाल्याची नजर पुढे हवी.

मागच्या वर्षी त्यांनी केलेराला बाहेर काढलं होतं. मूल दीड महिन्याचं, रात्र रात्र रडणारं. "बाळ लहान आहे, मामा," ती म्हणाली होती. "देव लहान नाही," मामा म्हणाले होते.

आता तेच काठी उचलून खांबाला टेकवत होते.

"मामा, बसा की," सिरेली पाळक व्यासपीठावरून म्हणाले. "तीन रात्री जागे आहात. गावाला ठाऊक आहे."

"नियम आहे, पाळकसाहेब."

मामा दाराकडे निघाले. शेवटचं बाक रिकामं होतं. ती त्यांच्या बायकोची, माकेरेतामामीची जागा. पुढे, वडील मंडळींच्या बायकांत बस, म्हणून मामांनी वर्षानुवर्षं सांगून पाहिलं होतं. "तिथं फार उकडतं," एवढंच ती म्हणायची. गेला महिनाभर ती तापानं अंथरुणाला खिळली होती. दर रविवारी मामा आशीर्वाद घेत आणि वाटेत कुणाशी चकार शब्द न बोलता घरी जात, ओंजळीतलं पाणी सांडू नये तसे. मग हात तिच्या कपाळावर ठेवत. तिला त्यातच बरं वाटायचं. आज सकाळी तिनं पपई मागितली होती. महिन्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. "उद्या काढतो," मामा म्हणाले होते. "आज रविवार, झाडाला हात लावायचा नाही." ती डोळे मिटूनच हसली होती. "बरं. तापाला सांगते, उद्यापर्यंत थांब."

बाहेर ऊन होतं. मामांनी आपले दोन्ही तळवे पाहिले. आज घरी काय न्यायचं?

आत पाळकांनी संदेश पुन्हा उचलला. सिरेली पाळक संदेश सांगत नसत, गात. उधळ्या मुलाची गोष्ट चालली होती. धाकटा परत आला, घरात मेजवानी बसली, आणि आयुष्यभर नेमानं राबलेला थोरला रागानं अंगणातच उभा राहिला. "मग बाप बाहेर आला," पाळकांनी सूर सोडला. "बाप बाहेर आला," बायकांनी तो उचलला, पुरुषांच्या खर्जानं त्याला खालून हात दिला. मामांनी ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. अंगणातून कधी ऐकली नव्हती.

पावलं वाजली. केलेरा होती, कडेवर मूल.

मामांनी मान खाली घातली. "बोल, पोरी. तुझा हक्कच आहे."

"सरका जरा, मामा," केलेरा म्हणाली. "आत फार उकडतंय."

आणि ती त्यांच्या शेजारी उभी राहिली.

गाणं थांबलं. आशीर्वादाची वेळ झाली. पाळक कपाळ पुसत पायऱ्या उतरले, मधली वाट चालून थेट उंबरठ्यावर आले आणि तिथूनच त्यांनी हात वर केला. अर्धी मंडळी त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. आशीर्वाद त्यांनी गाऊनच दिला, सावकाश, एकही शब्द न गाळता. मूल मामांच्या टायशी खेळत होतं. मामांना रडू आवरेना.

आमेन झाल्यावर ते आत गेले आणि काठी घेतली. पोरं ताठ बसली. पण मामा तशीच काठी घेऊन बाहेर पडले, घरामागे गेले आणि पपईच्या झाडाखाली उभे राहिले.

"रविवारी पपई?" माकेरेतानं उशीवरून विचारलं.

मामांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. मग फोडी केल्या. एक फोड तिच्या हातात दिली.

"आज झोप लागली मला तिथं," ते म्हणाले. "दाराबाहेर उभा होतो."

"एकटेच?"

"केलेरा आली. माझ्याशेजारी उभी राहिली. तिला काय गरज होती, कोण जाणे."

माकेरेतानं फोड चावली. रस हनुवटीवर आला, तो तिनं मनगटानं पुसला.

"तिच्या वेळी मी बाहेर गेले होते ना."

मामांच्या हातातली सुरी थांबली. त्यांनी विचारलं, "आणि बाकीच्यांच्या वेळी?"

"सगळ्यांच्याच," ती म्हणाली. "आत फार उकडायचं हो."