डाव्या बाहीवरचं फूल

लेकीच्या लग्नाच्या झग्याला लिब्रादा फक्त गळ्यापुरती जाळी विणणार होती. मग बाह्यांवर पेरूची फुलं आली, मग घेरावरही. सुई हातात आली की तिला थांबणं ठाऊक नव्हतं हे खरंच. पण लग्न लागताच झुनिल्दा नवऱ्याबरोबर स्पेनला जाणार होती, हेही खरं होतं.

"लिब्रादा, अशानं नवरी म्हातारी होईल हं!" शेजारीण हसायची.

शेवटी झुनिल्दाच वैतागली. "आई, पुरे गं आता. विमानाची तिकिटं कधीच काढलीत."

लिब्रादानं शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि झगा खुंटीला टांगला.

सकाळी इस्त्रीसाठी झगा काढला, तर डाव्या बाहीवरचं एक फूल तुटलेलं. तिनं ते डोळ्यांजवळ धरलं. धागे कात्रीनं कापावेत तसे सरळ कापलेले होते.

"खिळ्याला अडकला असेल," दारात तेरेरेचा गार चहा पीत बसलेली झुनिल्दा मान वर न करता म्हणाली. "नीट करायला किती दिवस लागतील गं?"

एका फुलाला एक दुपार पुरते. लिब्रादानं सुई ओवायला घेतली.

"लागतील की आठ-दहा दिवस," ती म्हणाली.