घरच्यांची खुर्ची

घरच्या माणसांसाठी म्हणून मांडलेल्या खुर्चीवर ती बाई सरळ येऊन बसली. खरं तर मेलेल्याला घरचं कुणी नव्हतंच. तो कागदावरचा मुलगा होता, आणि खुर्ची नुसती शोभेला ठेवली होती.

पण बाई बसली, आणि धूप घालून परतणाऱ्या प्रत्येकाला कमरेतून वाकून नमस्कार करू लागली. अंगावर काळा किमोनो, हात राबून खरखरीत झालेले.

"ही नटी कुठून पकडून आणलीस रे?" कुझुमीने संपादक मुनाकाताला विचारलं.

"मी? मला वाटलं तुम्हीच आणलीत, सेन्सेई!" मुनाकाता खिदळला. "पण झकास वठवतेय हं."

हा सगळा तमाशा मुनाकाताच्या सुपीक डोक्यातला. कुझुमीच्या चित्रकथेतला शिंपेई गेल्या महिन्यात मेला आणि तोक्योतली पोरंसोरंच काय, चांगले बाप्येसुद्धा ढसाढसा रडले. मग साप्ताहिकाने सभागृह घेतलं, काळ्या रिबिनीत शिंपेईचं चित्र लावलं, मंत्र म्हणायला भिक्षू बोलावला. बाहेर ही भली मोठी रांग. आणि गंमत अशी, की शिंपेई पुढच्याच अंकात परत येणार होता! ती पानं कुझुमीने गेल्या आठवड्यातच काढली होती. मुनाकाताच्या काखेत खाकी पाकीट होतं ना, त्यात. इथून तो थेट छापखान्यात जाणार होता.

शिंपेईनेच कुझुमीला माणसांत आणलं होतं. त्याआधी तो भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांसाठी चित्रकथांच्या पाट्या टाकायचा आणि उकडलेल्या रताळ्यांवर दिवस काढायचा. एके दिवशी हातातून हा चेहरा उतरला. कुठून, ते त्याला आजवर कळलं नव्हतं. पुढचा दात तुटलेला, डाव्या भुवईवर खूण, केस कायम ओले. ओले का, असं वाचक विचारायचे. कोरडे काढायला गेलं की तो शिंपेई वाटायचाच नाही, एवढंच कुझुमीला ठाऊक होतं.

रांग ओसरल्यावर तो बाईपाशी गेला. तिने लगबगीने उठून त्याच्या हातात एक डबा ठेवला.

"सेन्सेई, मी सुए हामुरा. चोशीहून आले. घरी केलंय, गोड मानून घ्या."

डब्यात लाल चवळीचा भात होता. कुझुमी चरकला. मूल झालं, लग्न ठरलं की करायचा भात हा. मयताला कोण आणतं? बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला असावा.

"तुम्ही... कोणाकडून आलात?"

"कोणाकडून म्हणजे? आई मी त्याची." तिने चित्राकडे बोट दाखवलं. "माझा इसाओ तो. एवढी माणसं त्याच्यासाठी रडताहेत, म्हटलं नमस्कार तरी करावा. पंधरा वर्षांचा होता. बापाबरोबर होडीवर गेला. बाप परत आला, हा नाही. समुद्राने काहीच परत दिलं नाही. आणि पुढच्या वर्षी तुमची गोष्ट सुरू झाली. तोच दात, तीच खूण, ओलेच केस! गावातले म्हणायचे, त्याचं कार्य उरकून टाक. मी म्हणायचे, कुणाचं उरकू? दर सोमवारी तर दिसतोय मला. मिसरूड फुटलं, तेही तुमच्याच पानावर बघितलं की मी."

कुझुमीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"तुम्ही मारलंत, त्या दिवशी फार रडले. मग देवळात जाऊन त्याच्या नावाचा दगड बसवायला सांगितला. म्हटलं, संपलं. कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली हो. आणि गेल्या आठवड्यात..."

पुढचं त्याला ऐकवेना. या माउलीने कसंबसं मन घट्ट केलं, आणि आपण चार अंक जास्त खपावेत म्हणून तिच्या जखमेची खपली काढणार? थूत् आपल्या जिण्यावर! "आलोच," असं पुटपुटत तो वळला आणि मुनाकाताला ओढत मागच्या खोलीत घेऊन गेला.

"पाकीट दे."

"का? काही चुकलं?"

"हो. मेलेल्याला मेलेलंच राहू द्यायला हवं होतं."

"डोकं फिरलंय का, सेन्सेई? मुखपृष्ठ छापून तयार आहे! हे गेलं तर मालक तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाहीत. मलाही नाही!"

कुझुमीने पाकीट हिसकावलं आणि कोळशाच्या शेगडीत कोंबलं. मुनाकाता बोटं भाजून घेत धावला. कुझुमीने त्याला कवळून धरलं. एक पान आचेने उलटलं. त्यावर शिंपेई एका दारात उभा होता. या वेळी केस कोरडे उतरले होते, आणि तरी तो शिंपेईच वाटत होता. मग तो कडेकडेने काळा पडत गेला.

आपलं आयुष्य जळून गेलं हे कुझुमीला कळत होतं. तरी छाती हलकी झाली होती. बाहेर येऊन त्याने बाईसमोर गुडघे टेकले.

"मी तुमचा गुन्हेगार आहे. पुढच्या अंकात मी त्याला जिवंत करणार होतो. पानंही काढली होती. आत्ता जाळून आलो. आता तो कधीच परत येणार नाही. तुम्ही निश्चिंत मनाने घरी जा."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"जाळलीत? अहो, पुरतं ऐकून तरी घ्यायचं होतंत! गेल्या आठवड्यात दार वाजलं, तेव्हापासून तो घरीच आहे. सकाळी त्याचं जेवण झाकून निघाले मी. आत्ता बसला असेल जेवायला."