वरचे पाच इंच
न्हावऱ्याच्या आप्पांनी गॅरेजच्या चौदा फुटी दारावर नऊ इंचांचाच बीम सांगितला, कारण उंच गाडी आत शिरायला हवी होती. “जेवढ्या फुटांचा गाळा, तेवढ्या इंचांचा बीम, आप्पा,” भिमाजी मिस्त्री सांगून थकला. अखेर उरलेले पाच इंच त्यानं स्लॅबच्या वर, कठड्यात गुपचूप ओतले. आज टेकू काढताना आप्पांनी चारचौघांत त्यालाच बीमखाली उभं केलं. बीम हलला नाही. “तुझ्या बापानं शिकवलेलं गणित ओढ्यात टाक,” नारळ फोडत आप्पा म्हणाले. सगळे हसले. “दौंडला लेकीचं घर बांधतोय. तिच्या गॅरेजवर झोपायची खोली हाय. तिथल्या मिस्त्रीला बी नऊच इंच सांगितलेत.” खरं काय ते भिमाजीच्या ओठांवर आलं, तेवढ्यात आप्पांनी खोबऱ्याचा तुकडा त्याच्या पायाशी फेकला. त्यानं तो उचलला, पुसला, तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिला.