गुरुवारची किल्ली

अस्मिता येईपर्यंत सगळे समाजमंदिराच्या पायरीवर बसून होते. ती आली, पर्समधून किल्ली काढली आणि कुलपाशी झटापट करू लागली. किल्ली दोनदा हातातून निसटली. कोणी मदतीला उठलं नाही. शेवटी एकदाचं दार उघडलं आणि माणसं आत गेली.

तिचा साहेब सलिल हे मागून पाहत होता. त्याला ते मुळीच आवडलं नाही.

येरवड्याच्या या वस्तीत दारू सोडलेल्यांचा एक गट दर गुरुवारी संध्याकाळी जमत असे. सलिलच्या संस्थेने त्यांच्याबरोबर व्यसनमुक्तीवर अभ्यास केला होता. त्यांच्यावर नव्हे, त्यांच्याबरोबर. या एका शब्दावर सलिलने सभांमधून बरीच भाषणं ठोकली होती. वस्ती आणि संशोधक बरोबरीचे, वगैरे वगैरे. आणि इथे वस्तीची माणसं स्वतःच्याच समाजमंदिराबाहेर ताटकळत बसली होती, कारण किल्ली संशोधक बाईंच्या पर्समध्ये.

अभ्यास दिवाळीतच संपला होता. अहवाल अस्मिताकडे रखडला होता. पावसाळ्यात पित्ताचं कारण सांगून ती निम्मे दिवस घरीच असायची. दिवाळीनंतर ऑफिसात नियमित दिसू लागली, पण गुरुवारी दुपार कलली की सगळं टाकून येरवड्याला पळायची. सलिल आता थकला होता. अहवालांना कंटाळला होता, माणसांना सांभाळून घ्यायला कंटाळला होता. आज किल्ली वस्तीच्या हवाली करायची, गुरुवार बंद करायचे आणि सोमवारपासून अस्मिताला लोणी काळभोरच्या नव्या कामावर पाठवायचं, एवढं ठरवूनच तो आला होता. रिक्षात त्याने तिला हे सांगितलं असतं, पण ती बसने आली.

कौशल्याबाईंनी चहा आणला. गटातल्या त्या एकट्याच बाई, घरोघरी स्वयंपाक करायच्या. सगळ्यांना पेला काठोकाठ, अस्मिताला मात्र अर्धाच. तिने तो दोन्ही हातांनी धरला. सलिलने मनात नोंद केली. पुण्यात अर्ध्या चहाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वस्ती हिला कंटाळली होती.

"किल्ली पहिल्यापासून मॅडमकडेच असते का?" त्याने कौशल्याबाईंना सहज विचारलं.

"नाही. आधी माझ्याकडं होती. मग शंभूकडं गेली."

"आणि मग मॅडमनी घेतली?"

"घेतली म्हणजे, दिली आम्ही," असं म्हणून त्या पेले गोळा करायला उठल्या.

शंभू पलीकडे बसला होता. पोरगेलासा, गवंड्याच्या हाताखाली काम करणारा. ताईंना बसपर्यंत दर गुरुवारी आपणच सोडतो, असं त्याने आपणहून सांगितलं. मागच्या गल्लीने, जरा लांबून. चौकात वाइन शॉप आहे, तिथून नको वाटतं. सलिलला त्याची दया आली. बिचारा अजून त्या रस्त्याला घाबरत होता, आणि त्यात बाईंना सोबत करायचं कामही त्याच्याच गळ्यात.

मग सलिलने घसा साफ केला आणि सांगायचं ते सांगून टाकलं. अभ्यास संपला आहे, आपण सर्वांनी खूप वेळ दिलात, आता आमच्यासाठी थांबायची गरज नाही. अस्मिता पुढच्या गुरुवारी येणार नाही.

अस्मिता सतरंजीकडे बघत राहिली. सगळ्यांनी नागोरावांकडे पाहिलं. हा गट त्यांनीच सुरू केलेला. नांदेडकडून बांधकामावर आले आणि इथेच राहिले.

"काम संपलं असंल तर संपू द्या, सर," नागोराव म्हणाले. "गुरुवारचं तेवढं त्यांना येऊ द्या. अन् किल्ली राहू द्या त्यांच्यापाशी."

"अहो, पण का? समाजमंदिर तुमचं, गट तुमचा."

कौशल्याबाई म्हणाल्या, आमच्याकडून हरवते. शंभू म्हणाला, कुलूपच खराब आहे. दोघांनाही खोटं बोलता येत नव्हतं. सलिलला त्या सगळ्यांचा राग आला आणि कीवही आली. संस्थेची माणसं येतात, शिकवतात, आणि जाताना मागे असा मिंधेपणा ठेवून जातात. हे आपलंच पाप आहे, असं त्याला मनापासून वाटलं.

"हे बघा, अशाने सवय लागते," तो म्हणाला. "तुम्हालाही आणि हिलाही. सवय सोडणं किती अवघड, ते तुम्हाला मी सांगायला हवं का?"

कोणी हसलं नाही.

त्याने अस्मितापुढे हात केला. तिने पर्समधून किल्ली काढली, पण ती मुठीतच राहिली. कौशल्याबाई पेले तसेच ठेवून तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"सर, त्यांना काही विचारू नका," नागोराव म्हणाले. "आमचंच चुकलं म्हणा. इथली गोष्ट इथंच राहती, असा आमचा नेम हाय."

"मला कसली गोष्ट नकोय. मला किल्ली हवी आहे, आणि ती तुमच्या हातात द्यायची आहे. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

शंभू दाराकडे बघू लागला. कोणी काही सांगणार नव्हतं, हे सलिलला कळलं.

"राहू द्या, नागोराव," अस्मिता म्हणाली. "मीच सांगते."

तिने मूठ उघडली नाही.

"सर, इथे किल्ली एकाच माणसाकडे असते. तो आला नाही तर बाकीचे बाहेर बसून राहतात, म्हणून त्याला यावंच लागतं," ती म्हणाली. "सगळ्यात शेवटी ज्याने दारू सोडली, त्याच्याकडे."