सिनेमा फक्त वहिनींनी पाहिला

"थेटराच्या दारात फुकट कॉफी वाटायची," खजिनदार म्हणाला. "तिकिटाचा तुकडा दाखवा, कॉफी घ्या. कपावर बायबलमधलं वचन छापायचं."

पाळकसाहेबांच्या बायकोला, पाळकीणबाईंना, हे ऐकवेना. चर्चमागच्या गाण्याच्या तालमीच्या खोलीत कमिटी कधीची बसली होती. सिनेमातल्या पोरीचं वाटोळं झालं आणि हे कपाचा रंग ठरवतायत. शी. त्यांनी नजर भिंतीकडे वळवली. तिथे उपासनेत म्हणायच्या गाण्यांचे क्रमांक लावायची जुनी लाकडी पाटी होती. चर्चमध्ये नवी आली तेव्हा ही इथे आणून टांगली, आतले पुठ्ठ्याचे आकडेसुद्धा कुणी काढले नव्हते.

त्या सिनेमानं गावभर धुरळा उडवला होता. गोष्ट एका चर्चची होती: गायनमंडळातली एक मुलगी, तिच्यावर हात टाकणारा माणूस आणि सगळं कळूनही गप्प बसलेली वडीलधारी मंडळी. लोक आता यांच्याही फाटकाकडे बोट दाखवून हसायचे. उत्तर द्यायला हवं, हे सगळ्यांना मान्य होतं. पण असली घाण कमिटीतल्या कुणी पाहायची नाही, असं ठरलं होतं. एकानं पाहून यावं आणि बाकीच्यांना सांगावं. ते काम साहजिकच पाळकीणबाईंच्या गळ्यात पडलं.

"वहिनी, ते खोलीतलं दृश्य खरंच फार वाईट आहे?" चिटणीसानं पुन्हा विचारलं. त्याच्या डोळ्यांतली चमक पाहून त्याच्या अंगावर चहा ओतावा, असं बाईंना वाटलं.

"काही दाखवत नाहीत. दार लागतं, पडदा काळा होतो, आवाजही बंद होतो. मग एकदम दुसरी सकाळ. किती वेळा विचारलंत तरी तेवढंच."

"हात्तिच्या," चिटणीस म्हणाला. मग थेटरासमोर दिव्यांचा मोठा क्रॉस उभारू, लोक सेल्फी काढतील, अशी त्याची कल्पना निघाली.

बाईंचं अर्धं लक्ष घरी होतं. त्यांच्या लेकीनं गाणं सोडलं होतं. इतका गोड गळा, आणि तालमीचं नाव काढलं की पोरगी आतून कडी लावून घ्यायची. भांडी घासताना नुसते आकडे पुटपुटायची. एकशे बारा, चाळीस, तीनशे सात. परत एकशे बारा. गणिताची धास्ती घेतलीय, परीक्षा झाली की जाईल, असं पाळकसाहेबांचं मत. बाईंनी गोडीगुलाबीनं विचारलं, रागावून पाहिलं, आणि काल "पुरे झाली नाटकं" म्हणून शनिवारी तालमीला जायचं कबूल करून घेतलं. पोरगी हो म्हणाली, पण ताटावरून उठून गेली. आपण चुकलो की काय, हे त्यांना काही केल्या कळत नव्हतं.

या सगळ्या कमिटीत माणसासारखा माणूस एकच, गायनमंडळाचे मास्तर. लेकीला सूर त्यांनीच शिकवला. ती येईना तेव्हा खाऊ घेऊन घरीही येऊन गेले. आता ते उठून उभे राहिले.

"कॉफी नको आणि क्रॉस नको," ते म्हणाले. "आधी माफी मागू या. थेटरासमोर आपल्या मुली एक गाणं म्हणतील. पुढे वहिनींची लेक. बाकी काही बोलायचंच नाही."

खजिनदारानं मान खाली घातली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा बाईंना बरं वाटलं. चला, एकाला तरी लाज आहे. त्या मास्तरांसाठी चहा ओतायला लागल्या.

"त्या पोरीचा विचार करा," मास्तरांचा आवाज भरून आला. "बंद खोली. भिंतीवर गाण्यांची पाटी. ती बिचारी पाटीवरचे आकडे वाचत राहते. शेवटपर्यंत गेली की परत पहिल्यापासून. हे पाहून लोकांचं काळीज हललं, तर त्यात लोकांचं काय चुकलं?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "अगं, लेकीला शनिवारी जरा लवकरच पाठव," ते म्हणाले. "बाकीच्या यायच्या आधी मास्तर तिची एकटीची तयारी करून घेतील."

चहा कपातून बशीत आला, बशीतून टेबलावर सांडला. बाई मास्तरांकडे बघत होत्या. सिनेमातल्या त्या काळ्या पडद्यावर पाटी नव्हती, आणि आकडे कुणीच वाचत नव्हतं.