वरून काय दिसतं

"तुमचे पोरखेळ चालू द्या," म्हणत हेमलताबाई दर रविवारी माळावर नवऱ्याच्या हौशी रॉकेटक्लबकडे पाठ करून गाडीपाशी मटार सोलत बसायच्या. आज नवऱ्याने रॉकेटमध्ये छोटा कॅमेरा बसवला होता. वरून काय दिसत असेल? पण इतकी वर्षं नावं ठेवल्यावर कोणत्या तोंडाने विचारायचं?

रॉकेट सणसणत वर गेलं आणि पॅराशूटला लटकून माळावर उतरलं. सगळे मोबाइलभोवती जमले, तशा चहा विचारायच्या निमित्ताने त्याही मागून डोकावल्या.

व्हिडिओत माळ लहान होत गेला, मग पुन्हा मोठा. गाडीजवळ हेमलताबाई तोंड वर करून उभ्या होत्या. पायाशी ताट उपडं, मटाराचे दाणे मातीत.

नवऱ्याने पुढच्या रॉकेटचं बटण त्यांच्यासमोर धरलं.

"अहो," त्यांनी विचारलं, "यापेक्षा उंच नाही का जात?"