एक्केचाळीस नापास

सुनेसमोरचा तिसरा चहाही गार झाला, तशी सासू कंबरेवर हात ठेवून लॅपटॉपपाशी उभी राहिली.

"कोण गेलंय गं? सुतकी तोंड करून बसलीस ती!"

"आत्याबाई, डेटाबेसमध्ये मी बदल केला आणि काम तपासणाऱ्या एक्केचाळीस चाचण्या नापास झाल्या. पाचपर्यंत चूक सापडली नाही, तर माझं तीन महिन्यांचं काम काढून टाकतील."

"हवं काय होतं अन् आलं काय? वाच."

"गावांच्या यादीत हवं होतं लातूर, वाई, सांगली. आलंय सांगली, लातूर, वाई."

"अगं, पंगतीला माणसं तीच, पाट तेवढे बदललेत! कुणी कुठं बसायचं, हे सांगितलं होतंस?"

सून चमकली. "चाचणीत क्रम मागितलाच नव्हता! माझं काम बरोबर आहे, चाचण्याच चुकल्यात."

क्रम मागितल्यावर साऱ्या चाचण्या पास झाल्या. सून सासूच्या गळ्यातच पडली.

"पुरे, सोड," सासू फिसकारली, पण तिनं सोडवून घेतलं नाही. आजवर या घरानं तिला मीठ कुठं ठेवलंय एवढंच विचारलं होतं. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईपुढं आपलं अडलेलं मांडणारी ही पहिलीच.

"उद्या अडलं तर आधी मला सांगायचं," ती हळूच म्हणाली.